अक्काची वाट आणि हलता चिरा

या मंडळी, सावकाश या. घाई कसली? ही वाट धाप लावणारी नव्हेच. वेशीच्या घाटापासून संगमावरच्या तीराईच्या देवळापर्यंत, नदीच्या कडेकडेनं, मोजून नऊशे पावलं भरतात. चढ नाही, उतार नाही, मध्ये एक पायरी नाही. सकाळी इथं गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली माणसं चालतात, लेकरांच्या ढकलगाड्या चालतात, आणि दोन तर डोळ्यांनी अधू असलेले मास्तर आहेत, तेही गप्पा हाणत जातात. नगरपालिकेनं ‘नदीकाठ विहारपथ’ अशी झकास पाटी लावली आहे, पण ते नाव अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. सगळं शहर हिला अक्काची वाट म्हणतं. पायाखाली बघत बसू नका, नदीकडं बघा. खाली बघायची गरज पडू नये अशीच ती बांधली आहे.

आता मात्र थांबा. ह्या उंबराखालच्या चिऱ्यावर पाय द्या बघू. द्या, द्या, पडत नाही कुणी. खट्! ऐकलंत? अकराशे चिऱ्यांत हा एवढाच हलतो. नगरपालिकेनं दोनदा उचलून सिमेंटात बसवला. एकदा दीड महिना टिकला, दुसऱ्यांदा तेवढाही नाही. साहेब लोक म्हणतात खालची माती सरकते. सरकत असेल बुवा, आपण काही शिकलेले नाही. आमच्याकडं मात्र निराळं सांगतात. त्या कट्ट्यावर टेका जरा. आमच्याच शहराच्या तोंडाला काळं फासणारी गोष्ट आहे, पण इथं उभं राहून ती न सांगणं बरं दिसत नाही.

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा हा काठ म्हणजे नुसते गोटे, बाभळी आणि चिखल. चैत्री पुनवेला वेशीच्या घाटावर तीराईचा कलश भरायचा आणि एका सवाष्णीनं तो डोक्यावर घेऊन संगमावर न्यायचा, अशी रीत. पण काठ असा वैरी, की बाई कितीही जपून चालली तरी निम्मं पाणी तिच्या खांद्यावरून वाहून जायचं. कलश सांडला की वर्ष वाईट जातं, असं लोक म्हणायचे, आणि वर्षं वाईट जायचीच.

त्या वेळी मल्लशेट म्हणून नगरशेट होते. दोन नातू पाळण्यातच गेले. तिसऱ्याच्या वेळी सून अडली, तेव्हा त्यांनी देवीला नवस बोलला, म्हणे. “आई, हा एवढा जगू दे. तुझा कलश थेंब न सांडता तुझ्या दारात येईल अशी वाट बांधून देईन.” पोर जगलं, चांगलं गुटगुटीत निघालं. मग शेटजींनी गावातले गवंडी बोलावले. त्यांनी काठ पाहिला आणि कानांवर हात ठेवले. शेवटी कुणीतरी म्हणालं, ओढ्यापलीकडच्या वडारांना विचारा.

ओढ्यापलीकडं माळावर वडारांची चाळीस पालं होती. दगड फोडावा, घडवावा, ज्याच्या त्याच्या दारात नेऊन बसवावा आणि आपण पालात राहावं, असं त्यांचं जिणं. त्यांच्यात शब्द चालायचा यल्लव्वाचा. तिला लहानथोर सगळे अक्का म्हणायचे. चाळिशीची विधवा बाई, अंगानं काटक, बोलणं तोडून टाकल्यासारखं. नुसत्या नजरेनं दगडाची शीर ओळखायची आणि एका घावात दोन फाका करायची, असं सांगतात.

ह्या नदीला तेव्हा सहा घाट होते. सहाही घाटांच्या पायऱ्या वडारांच्याच बापजाद्यांनी घडवलेल्या, पण एकाही पायरीवर त्यांना घागर भरायची मुभा नव्हती. त्यांनी ओढ्याच्या वाळूत खड्डा खणायचा आणि पाणी झिरपायची वाट बघत बसायचं. गावची धुणी, गावची जनावरं, सगळं त्या ओढ्यात. एका उन्हाळ्यात त्याच पाण्यानं ढाळ-वांत्या लागून अक्काची आई गेली. मागं राहिली बारा वर्षांची अक्का आणि आठ महिन्यांचा भाऊ, तिमण्णा. त्या पोरीनं भावाला पाठीशी बांधून दगड फोडला. आपल्या वाटची भाकर त्याला चारली, त्याच्या हातात पहिली छिन्नी दिली, त्याचं लग्नही करून दिलं. तिला मूलबाळ नव्हतं. तिमण्णा म्हणजे तिचा जीव की प्राण.

शेटजींनी अक्काला बोलावून विचारलं, “वाट बांधशील तर काय घेशील? धान्य, लुगडी, जे मागशील ते.”

अक्का म्हणाली, “पायरी पायजे.”

“कसली पायरी?”

“नदीची. देवळाखालची सगळ्यात शेवटची असली तरी चालंल. पर आमची. आमच्या बायकांनी तिथं घागर भरली तर कुणी हटकायचं न्हाई. आज न्हाई, आमच्या नातवंडांच्या नातवंडांलाबी न्हाई.”

शेटजी जरा घुटमळले. पण नवस मानेवर बसलेला. त्यांनी देवळात जाऊन बेलभंडारा उचलला आणि तीराईसमोर शब्द दिला. अट एकच. वाट पुरी झाली की कलशाच्या आदल्या दिवशी अक्कानं स्वतः भरली घागर डोक्यावर घेऊन वेशीपासून देवळापर्यंत चालून दाखवायचं. थेंब सांडला नाही तर पायरी वडारांची. अक्का हसून म्हणाली, “त्यात काय अवघड हाय?” आणि दुसऱ्या दिवशी चाळीस पालांतल्या पहारी काठावर वाजू लागल्या.

दोन वर्षं काम चाललं. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. चिरा मांडला की त्यावर काठोकाठ पाण्यानं भरलेली परात ठेवायची. पाणी ज्या अंगाला सांडेल त्या अंगाखाली दगडाची चपटी चीप सारायची, पुन्हा परात ठेवायची. सांडायचं थांबलं की मग चुना भरायचा. आणि शेवटी ज्यानं चिरा मांडला त्यानं अनवाणी त्यावर उभं राहायचं, डोळे मिटायचे, अंगाचा भार इकडून तिकडं टाकायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, “बसला!” एकदा माणूस ‘बसला’ म्हणाला की तो चिरा परत कुणी पायानं चाचपायचा नाही. चाचपला तर त्या माणसाच्या तोंडावर थुंकल्यासारखं. बिऱ्हाडात लग्नं मोडली असतील, भांडणं झाली असतील, पण ही रीत कुणी मोडली नव्हती.

ह्या उंबरापाशी वाट वळते आणि देवळाचं शिखर पहिल्यांदा नजरेला पडतं. इथला चिरा अक्कानं मुद्दाम तिमण्णाला दिला. म्हणाली, “ही जागा तुजी. हितनं आपली पायरी दिसती.” तिमण्णानं तो मांडला, वर उभा राहिला, ‘बसला’ म्हणाला, आणि अक्कानं सगळ्यांदेखत त्याच्या गालावरून हात फिरवला.

इकडं वाट पुरी होत आली तशी गावात कुजबुज वाढली. आज पायरी दिली, उद्या घाट मागतील, परवा आपल्या आळीत घर मागतील! घाटावरच्या बायका धुसफुसायला लागल्या, चार प्रतिष्ठित शेटजींच्या ओसरीवर येऊन बसायला लागले. शेटजी पेचात पडले. बेलभंडारा उचललेला, शब्द मोडावा तर देवी कोपेल. पाळावा तर गाव फिरेल. साप मरावा पण काठी मोडू नये, असं काहीतरी हवं होतं. माणूस तसा क्रूर नव्हता, असं आमच्यातले जुने लोक सांगायचे. नसेल. पण भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हातून जे होतं ते क्रूर माणसालाही सुचत नाही.

परीक्षेच्या दोन दिवस आधी त्यांनी तिमण्णाला एकटं बोलावून घेतलं. वेशीच्या आत एक घर, घाटाची मुकादमी आणि त्याच्या घरापुरता पायरीवर हक्क. बदल्यात त्याच्या चिऱ्याखालच्या दोन चिपा. एवढंच. ह्या गोष्टी पुढं कळल्या; तेव्हा अक्काच्या कानावर काहीच नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी बिऱ्हाड नटूनथटून निघालं. पोरांच्या डोक्याला तेल, बायकांच्या अंबाड्यात कण्हेर. कुणी रिकाम्या घागरी काखेला मारून आल्या होत्या, की पायरी मिळाली की लगेच भरायच्या. हणमा म्हणून एक म्हातारा होता, सगळ्यात वडीलधारा. तो अक्काला बाजूला घेऊन म्हणाला, “पोरी, एकदा रिकाम्या हातानं वाट चालून ये. पायाला कळंल.”

अक्कानं त्याच्याकडं असं पाहिलं की म्हातारा खाली बघायला लागला. “मामा, समदी ‘बसला’ म्हणलीत. आता मी चाचपत फिरू? कुणाकुणाचं तोंड काळं करू?”

म्हाताऱ्याचं ऐकलं असतं तर! पण नाही ऐकलं. दुसरी कुणी बाई असती तर दहा वेळा चालून आली असती. अक्काच्यानं ते होणं नव्हतं.

घागर काठोकाठ भरली. चुंबळ सारखी केली. अक्कानं ती डोक्यावर घेतली, हात सोडले आणि निघाली. नदीच्या अंगाला गाव उभं, दुसऱ्या अंगाला वडार, आणि मधून ही बाई, नजर समोर, मान ताठ. शंभर पावलं गेली, दोनशे गेली. पाण्याला साधी थरथर नाही. गावातल्या ज्या बायका नाकं मुरडून आल्या होत्या त्यांच्याही तोंडून ‘आई गं, काय चाल आहे’ असे शब्द निघाले, म्हणे. पायाखाली एकेक चिरा येत होता आणि अक्का मनात म्हणत होती, हा हणमामामाचा, हा दुर्गीचा, हा भीमाचा. तिला डोळ्यांची गरज नव्हती, माणसं तोंडपाठ होती.

सातशे पावलांवर उंबर आला. शिखर दिसलं. शिखराखाली घाट, आणि घाटाच्या तळाशी, पाण्यात निम्मी बुडालेली, शेवाळलेली ती शेवटची पायरी. अक्काला आई आठवली. इतका वेळ ती प्रत्येक चिऱ्यावर पाऊल अलगद टेकत होती. इथं तिनं पुरा भार टाकला. तिमण्णाचा चिरा. घरचा चिरा. त्यावर कशाला जपून चालायचं?

खट्.

चिरा कलला. घागर कलली. अक्कानं मान सावरली, घागर पडू दिली नाही, पण ओंजळभर पाणी तिच्या कपाळावरून, डोळ्यांवरून खाली आलं आणि चिऱ्यावर सांडलं.

पलीकडं एक तान्हं पोर रडायला लागलं. अक्का पुढं चालायला लागली. उरलेली दोनशे पावलं ती तशीच चालली, आणि पुढं एक थेंब सांडला नाही.

देवळाच्या दारात मल्लशेट उभे होते. चेहरा पडलेला, आवाज मऊ. “यल्लव्वा, पाणी सांडलं गं. आईच्या दारात मी खोटं कसं बोलू? शब्द शब्दच असतो.”

अक्कानं घागर खाली ठेवली, कुणाच्या तरी हातातली पहार घेतली आणि उंबरापाशी परत आली. सगळं गाव मागोमाग. तिनं चिऱ्याच्या सांध्यात पहार घातली आणि एका दमात तो उचलून कडेला लोटला. खाली चुन्याच्या थरात दोन चिपांचे ठसे होते, स्वच्छ, कोरल्यासारखे. चिपा नव्हत्या. अक्का वाकून बघत राहिली. बोलले मल्लशेट, तेही घाईघाईनं.

“आता तुमच्याच माणसानं चिपा काढल्या त्याला गाव काय करणार?”

चिपा काढल्या असं अजून कुणी बोललंच नव्हतं! चिपा निसटल्या असतील, घालायच्या राहिल्या असतील, शंभर गोष्टी. पण शेटजींना नेमकं ठाऊक होतं. हणमा म्हाताऱ्यानं हळूच वर पाहिलं. आणि मग एकामागून एक सगळं बिऱ्हाड वळून तिमण्णाकडं बघायला लागलं. त्याच्या नखांत चुना होता. वाट पुरी होऊन महिना झालेला, कुणाच्याच नखांत चुना असायचं कारण नव्हतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात ते खोटं नाही.

तिमण्णा पुढं आला आणि अक्काच्या पायाशी बसला. “अक्का, ही लोकं शब्द पाळणार न्हवती. आज न्हाई तर उद्या हुसकलंच असतं. चाळीस घरांला काय मिळणार न्हवतं. म्हटलं निदान एक घर तरी... तुलाबी नेणार हुतो गं संगं. ह्यांचा भरवसा न्हवताच.”

“ह्यांचा न्हवता रं,” अक्का म्हणाली. “तुजा हुता.”

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं, म्हणे. आई मेली तेव्हा जी बाई रडली नव्हती, नवरा खाणीत दबला तेव्हा रडली नव्हती, ती चारचौघांत, हुंदके देऊन रडली. तिमण्णानं पायाला हात लावायला पाहिलं, तिनं पाय मागं घेतला.

गड्यांचं डोकं फिरलं. त्यांनी पहारी उचलल्या, की बांधली तशी वाट उखडून नदीत टाकू! अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि आडवी आली. “न्हाई. त्यांनी शब्द मोडला म्हणून आपण काम मोडायचं न्हाई. समदी वाट ऱ्हाऊ द्या. चालू द्या कुणाला चालायचंय ते, सुखानं चालू द्या. ह्यो एक चिरा तेवढा पुन्यांदा कुणी बसवू नका.” मग नदीकडं वळून म्हणाली, “आन् तुजं पाणी आजपासनं आमाला नगं. मेलो तरी नगं.”

दुपारच्या आत पालं उठली. गाढवांवर सामान चढलं आणि बिऱ्हाड पूर्वेच्या माळांकडं निघून गेलं. तिमण्णाची बायको गंगव्वा, तीन महिन्यांचं पोर घेऊन, नवऱ्याकडं न बघता अक्काच्या मागं गेली. तिनं मागं वळून पाहावं म्हणून तिमण्णा वेशीपर्यंत धावला होता. नाही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चैत्री पुनव. चिरा घाईघाईनं परत बसवलेला. तीराईचा कलश वाजतगाजत निघाला आणि ह्याच जागी सवाष्णीचा पाय डगमगला, पाणी सांडलं. नगरशेटांचा नवस अपुरा राहिला तो राहिलाच. पुढं पुजाऱ्यांनी तोड काढली, की कलश दोन बोटं कमीच भरायचा. ती पद्धत अजून चालू आहे. म्हणजे आमच्या देवीला भरला कलश कधी मिळत नाही. लबाडीचं फळ देवीनं का भोगायचं, हे काही आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तिमण्णाला घर मिळालं, मुकादमी मिळाली, पायरी मिळाली. त्या पायरीवर घागर भरायला त्याच्या घरात बाईमाणूस नव्हतं. गावात कुणी त्याला पाट मांडला नाही, आणि वडारांत त्याचं नाव कुणी घेतलं नाही. तो रोज इथं यायचा. चिरा उचलायचा, नवी चीप घडवायचा, परात ठेवायचा, चुना भरायचा. मग वर उभा राहून डोळे मिटायचा. चिरा हलायचा. अशी पस्तीस वर्षं गेली असं सांगतात. इतका हाताचा कारागीर, पण ‘बसला’ हा शब्द मरेपर्यंत त्याच्या तोंडून निघाला नाही.

आता उन्हं चढायला लागली, मंडळी, तेव्हा एक शेवटचं सांगून उठू. अक्काचं बिऱ्हाड जिथं जाऊन राहिलं तिथं आता मोठी वस्ती आहे, शाळा आहे, विहीर आहे. आजही चैत्री पुनवेच्या आदल्या दिवशी तिथल्या बायका येतात. पूर्वी चालत यायच्या, आता टेम्पोनं येतात. प्रत्येकीच्या डोक्यावर घागर, आणि घागरीत त्यांच्या विहिरीचं पाणी. वेशीपासून निघतात, अनवाणी, खाली न बघता. ह्या चिऱ्यावर आल्या की पुरा भार टाकतात, ओंजळभर पाणी सांडतं, ते सांडू देतात. उरलेलं त्या शेवटच्या पायरीवरून नदीत ओततात आणि माघारी फिरतात.

चैत्राचं ऊन म्हणजे काय ते तुम्ही बघताच आहात. आमच्या घाटावरच्या बायकांना आता लाज वाटते. वाळा घातलेलं नदीचं गार पाणी तांब्यांत भरून त्या वाटेच्या कडेला रांगेनं उभ्या राहतात. आमची मंडळी, म्हणजे आमची बायकोही उभी राहते, तीस वर्षं झाली. मागल्या साली एक म्हातारी वडारीण अगदी हिच्यापाशी दमून टेकली होती. ओठ सुकलेले. हिनं तांब्या पुढं केला, हात जोडले, म्हणाली, “आजी, एवढं मागचं विसरा. घोटभर तरी घ्या हो.”

म्हातारी रागावली नाही. हिच्या हातावरून हात फिरवला तिनं. आणि उठता उठता म्हणाली, “नगं बाई. आमी घरनं पिऊन आलोय.”